एक गावातली, एक लांबची, अशा दोन सरकारी शाळा, पोराला कुठे घालायचं?

निकालाचे टक्के बघून ठरवू नका हो, निदान लहान गावात तरी नाही. वर्गात पोरंच आठ असतील तर एक नापास झालं की निकाल साडेबारा टक्क्यांनी खाली, पुढच्या वर्षी सगळी पास झाली की शाळा एकदम टॉप, शिक्षक तेच, शिकवणं तेच. बघायचेच तर चार-पाच वर्षांचे आकडे एकत्र बघा.

त्यापेक्षा शाळा चालू असताना जाऊन बसा, परवानगी काढून अर्थातच. दोन इयत्ता एका खोलीत बसतात म्हणून लगेच नाक मुरडू नका, फक्त एवढं बघा की बाई एका गटाला शिकवत असताना दुसरा गट स्वतःचं काम करतोय की फळ्यावरचं नुसतं उतरवून टाईमपास चाललाय. वह्या चाळा. चुकीवर नुसती लाल फुली आहे की कुठे चुकलं ते लिहिलंय, आणि पोरानं ते परत सोडवलंय का, यावरून जेवढं कळतं तेवढं मुख्याध्यापकांच्या भाषणातून कळत नाही.

शिक्षक किती वर्षं टिकतात ते विचारा, दरवर्षी बदलत असतील तर मला तरी ती शाळा नको. रंगरंगोटी, कॉम्प्युटर वगैरे ठीक, पण संडासात पाणी येतं का ते स्वतः नळ सोडून बघा. आणि लांबची शाळा जरा बरी वाटली तरी सहा वर्षांचं लेकरू रोज बसने एवढं जाणार-येणार, मित्रपण सगळे तिकडचेच होणार, हे धरून हिशोब करा.