डॉक्टरांना खरे सांगावे का?

“खरं सांगितलं तर हाकलून देतील, नाही सांगितलं तर औषध चुकीचं देतील, मग मी दाखवायचं तरी कुठं, ताई?” लातूर जिल्ह्यातील एका पारलिंगी स्त्रीचा (जन्मतः मुलगा मानली गेलेली, पण स्वतःला स्त्री मानणारी) हा प्रश्न माझ्याकडे येणाऱ्या अनेकांच्या मनात असतो. ती झोप लागत नाही म्हणून आली होती, पण बोलताना डावा पाय सारखा चोळत होती. पोटरी सुजलेली, कातडी ताणलेली, हाताला गरम. चार दिवस ती नुसता बाम लावत होती.

विचारल्यावर कळले, की शरीराला बाईपण यावे म्हणून मैत्रिणीच्या सांगण्यावरून ती मेडिकलमधून गर्भनिरोधक गोळ्या आणून मनाने खात होती आणि विड्याही चालू होत्या. या गोळ्यांत बहुधा असणाऱ्या एथिनिल एस्ट्रॅडिऑल या स्त्री-हार्मोनमुळे रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो, आणि पायातली गुठळी फुफ्फुसात गेली तर जिवावर बेतते. म्हणून झोपेचा विषय बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठायचे ठरले.

तिची भीती निराधार नव्हती. पूर्वी तापासाठी गेली असता एका दवाखान्यात केसपेपरवरचे जुने नाव मोठ्याने पुकारले गेले, बाकावरची सगळी माणसे वळून पाहू लागली आणि डॉक्टरांनी ताप सोडून लिंगबदलाच्या ऑपरेशनचीच चौकशी केली. असे वागवणे चूकच आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये तृतीयपंथीयांच्या ओळखीला मान्यता दिली आणि 2019 च्या कायद्याने आरोग्यसेवा नाकारण्यास मनाई केली. शिवाय पायाची सूज दाखवायला तृतीयपंथी असल्याचे कोणतेही ओळख प्रमाणपत्र लागत नाही.

तिच्या संमतीने मी डॉक्टरांना आधी फोन केला. एका चिठ्ठीवर हाक मारायचे नाव, गोळ्यांचे नाव, त्या कधीपासून व किती, विडी आणि सूज कधीपासून एवढेच लिहिले, म्हणजे खिडकीवर सगळ्यांसमोर बोलण्याची वेळ येणार नव्हती. डॉपलर सोनोग्राफीत (रक्तवाहिन्यांतील प्रवाह दाखवणाऱ्या तपासणीत) गुठळी सापडली, गोळ्या बंद झाल्या आणि रक्त पातळ ठेवण्याचे औषध सुरू झाले. हार्मोन तिला नको झालेले नाहीत, आणि ते मागणे मला रास्त वाटते. मात्र गुठळीचे उपचार झाल्यावर कोणते, किती आणि कोणत्या मार्गाने घ्यायचे, हे तज्ज्ञांनी रक्ततपासणी करून ठरवायचे आहे.

तेव्हा माझे उत्तर असे, की चालू औषधे, झालेल्या शस्त्रक्रिया आणि शरीरात असलेले अवयव डॉक्टरांना अवश्य सांगावेत, कारण तपासणी त्यांवरच ठरते. शस्त्रक्रियेनंतरही पारलिंगी स्त्रीची प्रोस्टेट ग्रंथी सहसा राहते. गर्भाशयाचे मुख असलेल्या पारलिंगी पुरुषाला (जन्मतः मुलगी मानला गेलेल्या) त्या मुखाच्या कर्करोगाची तपासणी लागते, आणि टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनने पाळी थांबली तरी गर्भ राहू शकतो. उरलेल्या खासगी प्रश्नांना मात्र “हे या दुखण्यासाठी लागतं का, डॉक्टर?” असे शांतपणे विचारण्याचा पूर्ण हक्क रुग्णाला आहे.