नियमित मालिश केल्याने खरंच फायदा होतो का, की नुसतं बरं वाटतं?

'नुसतं बरं वाटणं' हाही फायदाच आहे, पण त्यापलीकडेही थोडं आहे. आखडलेले स्नायू सैल होतात, ताण हलका होतो, बऱ्याच जणांना झोप चांगली लागते. अमेरिकेतल्या फिजिशियन डॉक्टरांच्या संघटनेने 2017 साली नव्याने उद्भवलेल्या कंबरदुखीसाठी आधी शेक, मालिश असे बिनगोळ्यांचे उपाय सुचवले होते. आराम मात्र बहुतेकदा तात्पुरता असतो. चालणं-व्यायाम सोडून नुसती मालिश केली तर दुखणं परत हजर!

'विषारी द्रव्यं बाहेर पडतात', 'चरबी वितळते' वगैरे पार्लरवाल्यांच्या गप्पा सोडून द्या. विषारी द्रव्यं बाहेर टाकायचं काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात, फुकटात.

महागड्या स्पाची गरज नाही. आपल्याकडे अभ्यंग फक्त दिवाळीपुरतं उरलंय, पण प्राचीन आयुर्वेदाचार्य वाग्भटाने ते रोज करायला सांगितलंय. त्यातही डोकं, कान आणि तळपायांना विशेष. मी आठवड्यातून दोनदा वाटीभर तिळाचं तेल कोमट करून पोटऱ्या, गुडघे आणि तळवे चोळतो. बाथरूममध्ये जुनं गोणपाट अंथरतो, कारण तेलकट पायाने एकदा सपशेल आपटलोय.

एका पोटरीला अचानक सूज आणि दुखणं असेल तर अजिबात चोळू नका. रक्ताची गुठळी असू शकते, आधी डॉक्टर गाठा. ताप, ताजी दुखापत, त्वचेचा संसर्ग असतानाही नको. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर जोरात रगडून घेऊ नका.