पुण्याहून कोलंबसला येताना गावाचे आकडे कसे वाचावेत

पुण्यातील कमिन्स या इंजिने बनवणाऱ्या कंपनीतून अमेरिकेच्या इंडियाना राज्यातील कोलंबस येथे आपली बदली होत आहे. गावाची लोकसंख्या, उत्पन्न आणि वंशरचना पाहता पत्नी व मुलीला सोबत आणावे का, असे आपण विचारले आहे. मीही पुण्याहूनच येथे येऊन स्थायिक झालो असल्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

जनगणनेनुसार कोलंबसची लोकसंख्या २००० मध्ये ३९,०५९, २०१० मध्ये ४४,०६१ आणि २०२० मध्ये ५०,४७४ होती. पुणेकराला ही एखाद्या उपनगराएवढी वाटेल, पण याच राज्यातील अँडरसन हे शहर मोटारींचे कारखाने बंद पडत गेल्याने १९७० च्या सुमारे ७०,००० वरून ५५,००० पर्यंत खाली आले, हे लक्षात घेतले की कोलंबसच्या वाढीचे महत्त्व कळते. या वाढीमागे मुख्यतः १९१९ मध्ये येथेच स्थापन झालेली कमिन्स आहे. चांगले अभियंते लहान गावात येऊन टिकावेत, यासाठी गावच चांगले असले पाहिजे, ही कमिन्सचे दीर्घकाळ प्रमुख असलेले जे. अर्विन मिलर यांची धारणा होती. म्हणूनच १९५० च्या दशकापासून कंपनीच्या प्रतिष्ठानाने शाळांसारख्या सार्वजनिक इमारतींसाठी नामवंत वास्तुविशारदांचे शुल्क भरले. आपली मुलगी ज्या शाळेत जाईल, तिची इमारतही कदाचित त्याच योजनेतील असेल.

वंशरचनेबाबत आपली काळजी मी समजू शकतो. २००० मध्ये गावात सुमारे ९१ टक्के लोक गौरवर्णीय होते आणि आशियाई ३ टक्क्यांहून थोडे अधिक. २०१० मध्ये हेच प्रमाण सुमारे ८७ आणि ५.६ टक्के झाले, तर कृष्णवर्णीयांचे प्रमाण दोन्ही वेळा २.७ टक्क्यांच्या आसपासच राहिले. हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिशभाषक देशांतून आलेल्या कुळांची, लोकसंख्या त्याच दशकात २.८ वरून ५.८ टक्क्यांवर गेली. मात्र त्या जनगणनांत हिस्पॅनिक असण्याचा प्रश्न वंशाच्या प्रश्नापासून वेगळा विचारला गेला, त्यामुळे ती टक्केवारी इतरांमध्ये मिळवून बेरीज करू नये. २०२० मध्ये गौरवर्णीयांचे प्रमाण आणखी घटलेले दिसेल, पण त्या वर्षी प्रश्नांची व उत्तरे नोंदवण्याची पद्धत बदलल्याने देशभरच ‘दोन किंवा अधिक वंश’ हा गट एकदम फुगला. ती सगळी घट स्थलांतरामुळे झाली, असे समजू नये. शिवाय ‘आशियाई’ म्हणजे केवळ भारतीय नव्हेत. जपानी कंपन्यांचे कारखानेही या गावात आहेत.

उत्पन्नाच्या आकड्यावर मात्र मी सर्वांत कमी विसंबतो. येथे कार्यालयातील अभियंते आणि कारखान्यातील किंवा दुकानातील कामगार यांच्या पगारांत मोठी दरी असते, आणि मध्यक उत्पन्नाचा (ज्याच्या वर निम्मी आणि खाली निम्मी घरे असतात) एकच आकडा यांपैकी कोणाचेच जीवन नीट दाखवत नाही. जनगणना विभागाच्या तक्त्यांत उत्पन्न वस्तीनिहाय पाहावे, म्हणजे कोणत्या भागात घरभाडे आपल्याला झेपेल, याचा अंदाज येईल.

पुणे आणि कोलंबस यांच्यातील हे नाते १९६२ मध्ये किर्लोस्कर कमिन्स स्थापन झाल्यापासूनचे आहे आणि मराठी घरे येथे येण्याचे तेच कारण आहे. परंतु गावाचा आधार असलेली हीच कंपनी आपल्या व्हिसाचाही एकमेव आधार ठरते. एल-१ व्हिसावर, म्हणजे एकाच कंपनीतील बदलीसाठीच्या व्हिसावर, आल्यास दुसऱ्या कंपनीत सरळ जाता येत नाही, आणि नोकरी गेल्यास सहसा जास्तीत जास्त ६० दिवसांची मुदत मिळते. ट्रकच्या इंजिनांची मागणी चढ-उताराची असल्यामुळे हा धोका खरा आहे. पत्नीला एल-२ वर, म्हणजे एल-१ धारकाच्या कुटुंबीयांच्या व्हिसावर, नोकरी करता येते, पण लहान गावात तिच्या क्षेत्रातील संधी मोजक्या असतात; सुमारे ७५ किलोमीटरवरील इंडियानापोलिसपर्यंत रोज गाडी चालवण्याची तयारी ठेवावी लागेल. म्हणून पत्नीच्या नोकरीची चौकशी आतापासूनच सुरू करावी, आणि ती ठरेपर्यंत येथे घर विकत न घेता भाड्यानेच राहावे, असे मी आग्रहाने सुचवतो.