‘वाचलेल्यांची कविता’ : शीर्षक का फसतं?

प्रश्न असा आहे : हिरोशिमानंतरच्या जपानी कवितेवर मराठीत लिहिताना ‘सर्व्हायव्हर’साठी ‘वाचलेले’ घ्यावं की ‘बचावलेले’? आणि त्या कवितेला ‘प्रलयोत्तर’ म्हणावं का?

‘वाचलेले’च घ्या, फक्त त्याला उघडं सोडू नका. ‘वाचलेल्यांची कविता’ म्हटलं की पुस्तक आठवतं. मुळात ही दोन क्रियापदं आहेत. जीव वाचतो ते जुन्या लेखनात ‘वांचणें’, पुस्तक वाचतो ते ‘वाचणें’. मोल्सवर्थच्या जुन्या मराठी-इंग्रजी कोशातही नोंदी वेगळ्या. पहिलं संस्कृत ‘वञ्च्’पासून, म्हणजे निसटणं, चुकवणं; दुसरं ‘वाच्’पासून. अनुस्वार उच्चारात उरला नव्हता, म्हणून १९६२च्या लेखननियमांत तो गेला आणि दोन्ही सारखी दिसू लागली.

वाक्यात सहसा अडत नाही. ‘ती वाचली’ म्हणजे जीव वाचला, ‘तिने वाचली’ म्हणजे कविता. पण ‘मी’ला ‘ने’ लागत नाही. बाईने लिहिलेलं ‘मी वाचले’ छापील मराठीत दोन्हीकडे जातं. बोलताना ‘वाचले’ आणि ‘वाचलं’ वेगळे पडतात. ‘-लेला’ रूपात कर्ताच दिसत नाही, तिथे खरा घोटाळा. उपाय सोपा : आधी ‘-तून’ आणा. ‘हिरोशिमातून वाचलेल्यांची कविता’. निसटण्याचा मूळ अर्थही त्यात जागा होतो.

‘बचावलेले’ मला इथे खटकतं. ‘चालक थोडक्यात बचावला’ या बातमीत धोका टळलेला असतो. हिरोशिमात ६ ऑगस्ट १९४५ला जिवंत राहिलेली कितीतरी माणसं किरणोत्सर्गाने पुढच्या आठवड्यांत गेली. अशा अणुबॉम्बग्रस्तांसाठीचा जपानी शब्द ‘हिबाकुशा’ जगण्या-वाचण्याबद्दल बोलतच नाही : हि म्हणजे सोसणं, बाकु म्हणजे स्फोट, शा म्हणजे व्यक्ती. कायदा, दाखले, उपचार यांबद्दल लिहिताना तोच ठेवावा.

‘प्रलयोत्तर’ मात्र नको. प्रलय म्हणजे विलय. कल्प संपला की तो येतो, त्याला गुन्हेगार नसतो. बॉम्ब कुणीतरी टाकला. ‘संहार’ म्हटलं की संहार करणारा विचारावाच लागतो. ‘संहारानंतरची कविता’ हे जरा जड आहे, पण खरं आहे.

हाच कर्त्याचा प्रश्न हिरोशिमाच्या कवयित्री कुरिहारा सादाको यांच्या ‘उमाशिमेन काना’ या कवितेत भाषांतरकाराला गाठतो. पडक्या इमारतीच्या तळघरात जखमी माणसं दाटलेली, काडेपेटीची एक काडी नाही, आणि एका बाईला कळा सुरू होतात. मघापर्यंत कण्हणारी एक जखमी बाई म्हणते, मी सुईण आहे. बाळ अंधारात जन्मतं. उजाडायच्या आत सुईण मरते. (कवितेमागच्या खऱ्या प्रसंगातली सुईण मात्र वाचली होती.) शीर्षकातलं ‘शिमे’ हे प्रयोजक रूप, म्हणजे ‘करवणं’ सांगणारं, पुढचा ‘न’ इच्छेचा. ‘जन्म होवो’ केलंत तर नुसता आशीर्वाद उरतो, हात कुणाचेच लागत नाहीत. ‘जन्माला आणू या’ म्हणा. त्यात सुईणीचे रक्ताळलेले हात येतात.