साताऱ्यात पिकअपला ऑल-टेरेन टायर बसवावेत का?

तुमच्याकडे फोर-बाय-फोर पिकअप आहे, कंपनीकडून आलेले २४५/७० आर १६ मापाचे टायर झिजत आले आहेत, राहणे साताऱ्यात आहे, महामार्गाने पुण्याला नेहमी जाणे होते आणि अधूनमधून पाटणच्या बाजूला शेतावर; अशा गाडीला ऑल-टेरेन, म्हणजे डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींवर चालणारे खोल खाचांचे टायर बसवावेत का, एक माप मोठे घ्यावेत का, आणि ‘हा सगळा दिखावा आहे’ असे म्हणणाऱ्या घरच्यांना काय सांगावे, असे तुम्ही विचारले आहे. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे एका ओळीत देता येतात: बसवा, आणि माप बदलू नका. तिसऱ्यासाठी मात्र मी सविस्तर लिहिणार आहे, कारण तेच वाक्य माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, मला जमलेल्या पाहुण्यांसमोर वर्षानुवर्षे ऐकवत आले आहेत. पलूसला त्यांचा ऊस वाहतुकीचा धंदा आहे, टायरच्या बाबतीत त्यांचा शब्द आमच्या नात्यागोत्यात अखेरचा मानला जातो, आणि त्यांचे ठाम मत असे की, “बैलाला पत्री काम बघून मारत्यात पाव्हणं, मिरवणूक बघून न्हाई.” पत्री म्हणजे बैलाच्या खुराला ठोकतात ती नाल; हे तत्त्व मला मान्यच आहे, अडचण एवढीच होती की माझे काम त्यांनी कधी पाहिलेले नव्हते.

मी कराडला राहतो आणि दूध संकलन केंद्रांवरचे बल्क कूलर, म्हणजे दूध थंड करणाऱ्या मोठ्या टाक्या, दुरुस्त करतो. दूध ४ अंश सेल्सिअसपर्यंत थंड करून तसेच ठेवावे लागते, त्यामुळे संध्याकाळचे दूध टाकीत पडल्यावर यंत्र बंद पडले तर उजाडण्याची वाट पाहण्याची सोय नसते. त्यात आपला जिल्हा असा की महाबळेश्वरला वर्षाला ५००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि माणमध्ये ५०० मिलिमीटरच्या आसपास; म्हसवडकडे गाडी नेली की दगडगोटे आणि बाभळीचे काटे, आणि ढेबेवाडीच्या वर चढलो की तांबडी चिकण माती. या दोन्हींच्या मध्ये महामार्ग येतोच. असे मिश्र काम असणाऱ्यासाठीच हा टायर बनवलेला आहे.

एका जुलैत दाजी आमच्याकडे मुक्कामाला होते आणि रात्री जेवणे झाल्यावर ढेबेवाडी खोऱ्यातल्या वरच्या अंगाच्या एका वाडीतून फोन आला की कूलर बंद पडला आहे. पाऊस कोसळत होता. कंप्रेसर गेला असावा असे फोनवरच्या वर्णनावरून वाटत होते, म्हणून जड कंप्रेसर, गॅसची टाकी आणि ब्रेझिंगचे सामान हौद्यात बांधले आणि दाजीही, बहुधा माझी फजिती पाहण्याच्या इराद्याने, शेजारी येऊन बसले. डांबरी रस्ता संपून चढ सुरू होतो तिथे मी गाडी थांबवली आणि चारही चाकांची हवा ३५ वरून २२ पीएसआयवर आणली. दाजी छत्री आणि बॅटरी धरून उभे होते आणि ज्या माणसाने आयुष्यभर हवा कमी दिसली की चालकांना झापले आहे, त्याच्यासमोर हे करताना त्यांची कुरकुर मला शेवटच्या व्हॉल्व्हपर्यंत ऐकावी लागली.

त्या चढावरचा मुरूम पावसाने धुऊन गेलेला असतो, वर सुटे गोटे आणि खाली साबणासारखी माती उरते. मधल्या वळणावर दूध आणणारा टेम्पो मागची चाके गटारात घालून आडवा उभा होता आणि त्याच्या चालकाने आम्हाला परत फिरण्याचा सल्ला दिला. फोर-लोमध्ये, म्हणजे चारही चाकांना कमी वेगात जास्त जोर मिळतो त्या स्थितीत, दुसऱ्या गिअरवर, ॲक्सिलरेटरवर जेमतेम पाय ठेवून मी गाडी त्याच्या बाजूने काढली. एकदा मागचे डावे चाक फिरले, खाचांमधला चिखल भिरकावून मोकळे झाले आणि कडेच्या ठोकळ्यांनी गोटा धरला, तेव्हा गाडी पुन्हा वर सरकू लागली. केंद्रावर पाहिले तर कंप्रेसर शाबूत होता आणि फक्त कॉन्टॅक्टर, म्हणजे त्याला वीज जोडणारा स्विच, जळलेला होता, म्हणजे ते सारे धूड मी उगाच डोंगरावर नेले होते. पण दूध वाचले.

उतरताना दाजींनी निकाल दिला की गाडी फोर-बाय-फोर असल्यामुळे चढली, टायरचा काही संबंध नाही. ढेबेवाडीपर्यंत येईतो त्यात दुसरे कारण जोडले गेले, की हौद्यात वजन होते म्हणून मागची चाके धरून राहिली. कराडला चहा पिताना तिसरे आले, की हवा कमी केली म्हणून चढली, आणि तेवढे तर कुठल्याही टायरने केले असते. तिन्हींत थोडेथोडे तथ्य आहे, हे मी नाकारत नाही. फोर-बाय-फोर इंजिनाचा जोर चारही चाकांपर्यंत पोहोचवते, मागचे वजन मागच्या चाकांना दाबून धरते आणि हवा उतरवली की टायरचा जमिनीला टेकणारा भाग लांबट होतो. परंतु जोर शेवटी जमिनीला लागतो तो चाकाखालच्या तळहाताएवढ्या रबरातून, आणि ते रबर मातीत रुतून कड धरणारे नसेल तर चारही चाके एकाच वेळी जागच्या जागी फिरतात. माझ्याकडे याचा पुरावा होता, तो मी त्याच चहावर मांडला: आदल्या पावसाळ्यात हीच गाडी, हाच चालक, हाच चढ, हौद्यात एवढेच सामान आणि हवाही २२ होती, टायर मात्र कंपनीचे महामार्गी होते, आणि तेही निम्मे आयुष्य शिल्लक असलेले. त्या रात्री त्याच वळणावरून गाडी दोनदा मागे घसरली, मी ती पायथ्याला लावली आणि हत्यारांची पेटी डोक्यावर घेऊन चालत वर गेलो. यावर दाजी म्हणाले की तेव्हा पाऊस जास्त असेल. तुमच्या घरच्यांनाही असाच पुरावा द्या, अर्थात त्याने कोणी गप्प बसेल याची खात्री मी देत नाही.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे की कृष्णाकाठच्या काळ्या मातीत हा टायर हात टेकतो. ती माती खाचांत ठासून बसते, दोन फेऱ्यांत टायर गुळगुळीत गोळा होतो आणि मग कोणत्याही कंपनीचे नाव उपयोगाला येत नाही. उसाला पाणी दिलेल्या रानात माझी गाडी रुतली आणि ट्रॅक्टरने ओढून काढावी लागली, हा किस्सा दाजी सर्वांना रंगवून सांगतात. मोटर बांधावरून उचलायला गाडी थेट रानात उतरवण्याचा आग्रह त्यांचा स्वतःचा होता, तेवढे सांगायचे राहते. अशा मातीत रोज जाणाऱ्याने रुंद खाचांचे मड-टेरेन टायर घ्यावेत. तुमच्यासारख्या पुण्याला जाणाऱ्याने ते घेणे हा मात्र वेडेपणा आहे, कारण त्यांचा आवाज खंबाटकी घाटापर्यंतच डोके उठवतो आणि ओल्या डांबरावर त्यांचे थांबणे ऑल-टेरेनहूनही लांबते.

मोठ्या मापाचा मोह का टाळावा, हे गणितानेच दिसते. २४५/७० आर १६ टायरची उंची सुमारे ७४९ मिलिमीटर असते आणि एक माप मोठ्या २४५/७५ आर १६ ची सुमारे ७७४. म्हणजे गाडीचे पोट उचलले जाते जेमतेम १२ मिलिमीटर, आणि त्या बदल्यात स्पीडोमीटर ८० दाखवतो तेव्हा खरा वेग साडेब्याऐंशीच्या पुढे असतो, चढाला ओढ कमी होते आणि स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर आतल्या बाजूला घासण्याची शक्यता वाढते. मापाइतकाच लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती भार पेलतो ते सांगणारा आकडा, पाहा. १११ म्हणजे प्रत्येक टायरमागे १०९० किलो आणि १०७ म्हणजे ९७५ किलो. कंपनीच्या आकड्याहून खाली अजिबात जाऊ नका. पुढे जुने ठेवून मागे दोनच ऑल-टेरेन बसवण्याचा सल्ला कोणी दिला तर तो फोर-बाय-फोरसाठी चुकीचा आहे. या पिकअपमध्ये बहुतेक वेळा मधला डिफरन्शियल, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारा भाग, नसतो, त्यामुळे पुढच्या-मागच्या टायरच्या घेरात फरक पडला की फोर-व्हीलवर टाकल्यावर तो सगळा ताण पुढे-मागे जोर वाटणाऱ्या ट्रान्सफर केसवर येतो. चारही एकदम घ्या, आणि जमल्यास स्टेपनीही त्याच जातीची.

रोजच्या वापरातले त्रास खरे आहेत. साठ-सत्तरच्या वेगापासून घुमल्यासारखा आवाज येतो आणि टायर वेडेवाकडे झिजले की तो वाढतो, म्हणून ८-१० हजार किलोमीटरला चाकांची अदलाबदल आणि अलाइनमेंट करून घ्यावी. ॲव्हरेज थोडे घटते. खाचांत खडी अडकते, ती स्क्रूड्रायव्हरने काढत बसावे लागते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ओल्या डांबरावर महामार्गी टायरपेक्षा थांबायला जास्त अंतर लागते, आणि गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांनी रस्त्यावर आणलेल्या चिखलावर सकाळचे दव पडलेले असताना तर पुढच्या गाडीपासून दुप्पट अंतर ठेवावे. हवेबाबत दाजींचे म्हणणे मी पूर्ण मानतो: दरवाजाच्या चौकटीवरच्या पट्टीनुसार, टायर थंड असताना आणि भार पाहून ती भरावी. त्यातही ‘एलटी’ (लाइट ट्रक) बांधणीचा टायर घेतलात तर तेवढेच वजन पेलायला त्याला साध्या टायरहून जास्त हवा लागते, ही गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाही. चढासाठी हवा उतरवली असेल तर वेग तीसच्या आत ठेवा आणि डांबरावर येण्यापूर्वी ती परत भरा. त्यासाठी बारा व्होल्टचा पंप गाडीत ठेवणे भाग आहे.

आता जे आधीच सांगायला हवे होते ते. तुमच्या शेताचा रस्ता अखेरपर्यंत डांबरी असेल आणि पाटणला जाणे फक्त उन्हाळ्यात होत असेल, तर हा खर्च करू नका. चांगले महामार्गी टायर तुम्हाला अधिक सुखाचे पडतील आणि त्या बाबतीत तुमचे घरचे बरोबर ठरतील. आणि सप्टेंबरात कासला फुले पाहायला जायचे म्हणून कोणी हे टायर घेत असेल तर तिथवर सडक आहे. जागतिक वारशाच्या यादीत २०१२ साली गेलेल्या पश्चिम घाटाचा तो भाग आहे, तिथल्या कातळावर गाडी घालून टायरची परीक्षा घेणाऱ्यांबद्दल मला काडीची सहानुभूती नाही.

कोणत्या कंपनीचा घ्यावा, हे तुम्ही विचारलेले नाही, तरी दुकानात तोच प्रश्न पहिला येईल. एक टायर गोट्याने बाजूला कापला गेला तर त्याच जातीचा दुसरा साताऱ्यात किंवा कराडला दोन दिवसांत मिळेल का, एवढे आधी विचारून घ्या, कारण बाजूचा काप पंक्चरवाल्याकडे भरून निघत नाही. टायरच्या बाजूवरच्या क्रमांकाच्या शेवटी तो कधी बनला ते सांगणारे चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. वर्षाहून जुना माल असेल तर सवलत कितीही दिली तरी दुसरा काढून द्यायला सांगा, आणि पाचही टायरचे आकडे बसवण्याआधी स्वतः वाकून वाचा.