हात चाळीस टक्के, कमाई किती टक्के?

प्रश्न: भाऊ सुतारकाम करतो, वय 34, कमाई महिना 18,000. ट्रकच्या धडकेत उजवा हात अधू झाला. दाखल्यावर 40 टक्के अपंगत्व. विमा कंपनीचे वकील म्हणतात, भरपाईही 40 टक्क्यांनीच. खरं का?

उत्तर: नाही. दाखल्यावरचा आकडा शरीराचा. भरपाई कमाई किती बुडाली त्यावर ठरते, असं सर्वोच्च न्यायालयाने 2010च्या राजकुमार विरुद्ध अजय कुमार निकालात स्पष्ट केलं. ज्या हाताने रंधा धरवत नाही, तो सुताराचा निम्म्याहून जास्त धंदा असतो.

हिशेब असा: स्वयंरोजगार, चाळिशीच्या आत, म्हणून भविष्यातली वाढ 40 टक्के, 18,000चे 25,200 झाले. वर्षाचे 3,02,400, वयावरून ठरणारा गुणक (किती वर्षांची कमाई धरायची तो आकडा) 16, एकूण 48,38,400. त्याचे 40 टक्के 19,35,360. कमाईचं नुकसान 70 टक्के मान्य झालं तर 33,86,880. उपचारखर्च, वेदना वेगळ्या. मृत्यूच्या दाव्यात मृताच्या स्वतःच्या खर्चापोटी होते ती वजावट इथे लागत नाही. कुणी लावलीच तर हरकत घ्या.

घोळ होतो तो साक्षीत. नुसता दाखला जोडून भागत नाही. डॉक्टरांना साक्षीला बोलवा. पकड किती उरली, मनगट किती वळतं, हे वकिलांना विचारायला सांगा. दावा भाऊ राहतो तिथल्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातही चालतो. अपघातापासून सहा महिन्यांच्या आत दाखल करा.