मिशनसेवेला निघालेल्या तरुणास

मिरज

चिरंजीव,

ख्रिस्तात सप्रेम सलाम.

तुझे पत्र मिळाले. पतसंस्थेतली नोकरी सोडून एखाद्या दूरच्या आदिवासी भागात मिशनच्या कामाला जावे, असे तुझ्या मनात घोळते आहे आणि पाळकसाहेबांशी बोलण्याआधी तू माझे मत विचारतो आहेस. तुला जाऊ नकोस असे मी सांगणार नाही. पाचारण झाले असेल तर ते माझ्या सांगण्याने थांबणारही नाही. परंतु पत्रात तू लिहिले आहेस की सांगलीत राहून सेवेला फारसा वाव नाही, आणि या एका वाक्याशी मी मुळीच सहमत नाही. जाण्याचा निर्णय व्हायचा तेव्हा होईल. तोपर्यंत सांगली आणि मिरज यांच्यामधल्या या दहा किलोमीटरांत काय काय पडून आहे, ते तरी एकदा नीट पाहून घे.

आपल्या भागात मिशनचे काम म्हटले की डॉक्टर वान्लेस यांचे नाव निघते, आणि ते योग्यच आहे. विल्यम वान्लेस हे मूळचे कॅनडाचे. ते १८८९ साली इकडे आले, सांगलीत छोट्याशा दवाखान्यापासून त्यांनी सुरुवात केली आणि पुढे मिरजेत १८९४ मध्ये रुग्णालय उभे राहिले. त्यांच्या शस्त्रक्रियांची, विशेषतः डोळ्यांच्या, कीर्ती दूरवर गेली. मात्र ती शस्त्रक्रिया झाल्यावर डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या रुग्णाला हाताला धरून नेणारे, त्याची भांडी स्वच्छ करणारे, रात्री त्याच्या हाकेला ओ देणारे लोक याच भागातले होते आणि त्यांची नावे कोणत्याही शिळेवर कोरलेली नाहीत. मिशनचा इतिहास वाचताना आपण सर्जनकडे पाहतो; मी आयुष्यभर परिचारिकेचे काम केल्यामुळे असेल, माझी नजर आपोआप त्या दुसऱ्या लोकांकडे जाते. तुझ्या-माझ्यासारख्यांची जागा बहुधा तिथेच असते.

तेव्हा पहिली गोष्ट मिरजेच्या दवाखान्यांची. इथल्या कोणत्याही मोठ्या रुग्णालयाच्या व्हरांड्यात सकाळी साडेआठच्या सुमारास उभा राहून पाहा. जत, आटपाडी, सांगोला, शिवाय सीमेपलीकडून अथणी, रायबाग अशा ठिकाणांहून पहाटेची एसटी किंवा रेल्वे धरून आलेली माणसे तिथे असतात. नऊवारीच्या ओच्यात जुने रिपोर्ट गुंडाळून बसलेली एखादी आजी असते. तिच्या सुनेच्या एका हातात सलाईन लावलेले मूल असते आणि दुसऱ्या हातात कुठल्या खिडकीवर दाखवायची हे न कळलेली चिठ्ठी. तिला कन्नडशिवाय काही बोलता येत नाही, खिडकीतल्या माणसाला मराठीशिवाय काही ऐकायचे नसते. या बाईला पैशांची मदत लागते असे नाही. तिला हवा असतो अर्धा तास तिच्याबरोबर चालणारा, केसपेपर काढून देणारा, रक्त तपासायची खोली दाखवणारा आणि ती मुलाला दूध पाजेपर्यंत रांगेतली जागा धरून ठेवणारा माणूस.

याच्या पुढची पायरी थोडी अभ्यासाची आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांची सोय आहे, आणि योजनेत असलेल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्र नेमलेला असतो. तरीही शिधापत्रिका गावाकडे राहिली, आधार कार्डावरचे नाव आणि शिधापत्रिकेवरचे नाव जुळत नाही, अशा कारणांनी माणसे दागिने गहाण ठेवून बिल भरतात, कारण आधी कोणाला भेटायचे हेच त्यांना माहीत नसते. तू पतसंस्थेत दिवसभर कागद तपासतोस. कोणता दाखला कुठे मिळतो, नावातली चूक कशी दुरुस्त करून घ्यायची, हे तुला तोंडपाठ आहे. आपल्या तरुण संघातल्या चार जणांनी आठवड्यातली एक सकाळ वाटून घेतली, तर किती घरे कर्जातून वाचतील याचा विचार कर. रुग्णालयाच्या व्यवस्थापनाला आधी भेटून परवानगी मात्र घ्यावी. न विचारता वॉर्डात फिरणाऱ्या हितचिंतकांचा परिचारिकांना किती ताप होतो, हे मी जवळून पाहिले आहे.

दुसरी गोष्ट क्षयरोगाची, आणि हिच्याविषयी मी जरा सविस्तर लिहिणार आहे. साध्या क्षयरोगाचा उपचार सहा महिन्यांचा असतो व औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. अडचण औषधांची नसते, सहा महिन्यांची असते. दुसऱ्या महिन्यापर्यंत खोकला कमी होतो, ताप जातो, वजन थोडे वाढते आणि माणसाला वाटते की आपण बरे झालो. तोवर गोळ्यांनी मळमळू लागलेले असते, रोज बुडणारी मजुरी डोळ्यांपुढे असते, म्हणून गोळ्या बंद होतात. मग आजार उलटतो आणि पुढच्या खेपेला त्याच औषधांना दाद देईलच असे नाही. काही जण तर पहिल्याच आठवड्यात घाबरतात, कारण या गोळ्यांपैकी एका औषधाने लघवीचा रंग तांबूस-केशरी होतो आणि हे रक्तच आहे अशी त्यांची समजूत होते. ते साधे आहे, घाबरू नका, असे सांगणारे कोणी शेजारी असले की तो माणूस दुसऱ्या दिवशीची गोळी घेतो. डोळे पिवळे दिसू लागले किंवा अन्न अजिबात जाईना, तर मात्र स्वतःच्या मनाने काही न ठरवता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यायचे, हेही त्या शेजाऱ्याला ठाऊक हवे.

असा शेजारी तुला होता येईल. आरोग्य केंद्रात जाऊन विचार. निक्षय मित्र म्हणून रुग्णाच्या पोषण आहाराची जबाबदारी घेण्याची अधिकृत सोय २०२२ पासून आहे. शिवाय रुग्णाच्या खात्यावर सरकारकडून दरमहा १००० रुपये जमा व्हायचे असतात, ते होत आहेत की खाते बंद पडल्यामुळे अडकले आहेत, हे पाहणे तर तुझ्या हातचा मळ आहे. शेंगदाणे, डाळ, अंडी, गूळ एवढे महिन्याला पोहोचवायला आपल्या चर्चच्या मंडळीतली दोन कुटुंबे पुरतात. पण डबा देऊन दारातून परत फिरू नकोस. खिडक्या उघडून ओसरीवर बस, त्याच्याशी गप्पा मार, कारण या आजारात घरची माणसेसुद्धा ताट वेगळे करतात आणि कोणी आपल्याशी बोलायला येत नाही याचे दुःख खोकल्यापेक्षा मोठे असते. आणि त्याचे नाव कोठेही घेऊ नकोस, प्रार्थनासभेतही नाही. आपल्याकडे ‘प्रार्थनेसाठी सांगते हं’ असे म्हणत लोकांचे आजार गल्लीभर होतात. ही सवय मला अतिशय खटकते.

येशूने सांगितलेल्या त्या चांगल्या शोमरोनी माणसाच्या गोष्टीत आपण वाटेत पडलेल्या जखमी माणसाच्या जखमांवर त्याने ओतलेले तेल आणि द्राक्षारस लक्षात ठेवतो. मला तिच्यातला शेवटचा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो. तो जखमी माणसाला उतारशाळेत घेऊन जातो, रात्रभर त्याची काळजी घेतो, दुसऱ्या दिवशी तिथल्या मालकाला दोन दिनार देतो आणि वर खर्च झाला तर परत येताना भरीन असे सांगतो. म्हणजे तो परत येणार आहे. सेवा कोठे कच्ची राहते ते इथे कळते. नाताळात ब्लँकेट वाटून फोटो काढणारे पुष्कळ असतात. फेब्रुवारीत त्याच पालावर पुन्हा गेलेले फार थोडे.

पालावरून ऊसतोडणी कामगारांचे सांगते तेवढे ऐक. गाळप हंगाम सुरू झाला की बीडकडून, आपल्याच जतच्या बाजूने शेकडो जोड्या मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेऊन इकडे येतात आणि पाचटाच्या कोप्यांत चार-पाच महिने काढतात. नवरा-बायको पहाटे फडात, आणि सात वर्षांची मुलगी कोपीपुढे वर्षभराच्या भावाला सांभाळत बसलेली. त्या लहानग्याची लस राहिली आहे का, हे त्याच्या आईला अंगणवाडी सेविकेकडे नेल्याशिवाय कळणार नाही, आणि त्यासाठी आईचा अर्धा दिवस बुडणार. गावाकडचे रेशनचे धान्य इथल्या दुकानातही अंगठा लावून घेता येते, हे अनेकांना माहीत नसते किंवा दुकानदार टाळतो. तू सोबत गेलास तर सहसा टाळत नाही. मोठ्या मुलीला जवळच्या शाळेत बसवता येते का, हे मुख्याध्यापकांना विचार. तिला संध्याकाळी वाचून दाखवायला आपल्या रविवार शाळेच्या एखाद्या शिक्षिकेला घेऊन जा.

पुराविषयी थोडेच लिहिते, कारण ते दिवस तू स्वतः पाहिले आहेस. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेले तेव्हा तालमीतली पोरे, गणेश मंडळे, मशिदीतले लोक आणि आपली मंडळी एकाच ट्रॅक्टरवरून जेवण वाटत होती. कोण कोणाचा हे तेव्हा कोणी विचारले नाही. अशा कामात आपला वेगळा फलक लावायचा आग्रह धरू नये. दुसऱ्यांनी सुरू केलेल्या चांगल्या कामात भांडी घासायला जाणे हीदेखील सेवा आहे, आणि पाणी ओसरल्यावर घरातला चिखल काढायला येणाऱ्यांची संख्या जेवण वाटणाऱ्यांपेक्षा नेहमीच कमी असते.

आता तू ज्याला सेवा म्हणून मोजतच नाहीस ते सांगते. तुझ्या काउंटरसमोर दर महिन्याला निराधार पेन्शनचे पैसे काढायला येणाऱ्या म्हाताऱ्या बायका तू पाहतोस. पैसे जमा झाले नाहीत असे सांगून ‘पुढच्या आठवड्यात या’ म्हणणे आणि ते का जमा झाले नाहीत हे पाहून तिला तहसील कार्यालयात कोणत्या टेबलाशी जायचे ते कागदावर लिहून देणे, यांत तुझी पाच मिनिटे जातात आणि तिचा रिक्षाचा एक हेलपाटा वाचतो. प्रेषित पौलाने कलस्सैकरांना, म्हणजे कलस्सै शहरातल्या मंडळीला, लिहिले ते दासांना उद्देशून होते. जे काही कराल ते प्रभूसाठी म्हणून मनापासून करा, असे त्याने त्यांना सांगितले. त्यांच्यापुढे नोकरी सोडून मिशनला जाण्याचा पर्यायच नव्हता, हे ध्यानात घे.

आणि आपल्या मंडळीतच पाहा. मुले पुण्या-मुंबईला, आणि जुन्या मिशन कंपाउंडातल्या घरात एकटे राहणारे निवृत्त गुरुजी किंवा सिस्टर. नोव्हेंबरात त्यांना हयातीचा दाखला द्यायचा असतो. आता मोबाईलवरून चेहरा दाखवूनही तो देता येतो, पण त्यांना ते जमत नाही आणि मुलांना सांगायचा संकोच वाटतो. यरुशलेमच्या पहिल्या मंडळीत विधवांना रोजच्या वाटणीत डावलले जाते अशी कुरकूर झाली, तेव्हा प्रेषितांनी ती बारीकसारीक बाब म्हणून सोडून दिली नाही. त्या कामासाठी सात जण निवडून त्यांच्यावर हात ठेवले. यापोची टबीथा तर अंगरखे शिवत असे, आणि ती मरण पावल्यावर विधवा ते कपडे हातात धरून रडत होत्या.

राहिला तुझ्या पत्रातला खरा प्रश्न: हे सगळे करताना सुवार्ता केव्हा सांगायची? माझे मत स्पष्ट आहे आणि ते काहींना आवडत नाही. खाटेवर पडलेला रुग्ण उठून जाऊ शकत नाही, उचल घेतलेला मजूर ‘नको’ म्हणायला कचरतो. अशा माणसाच्या हातात मदतीबरोबर पत्रक ठेवणे म्हणजे त्याच्या लाचारीचा फायदा घेणे आहे. त्यात ख्रिस्ताचा मान राहत नाही. कोणी विचारले की तू हे का करतोस, तर लपवू नकोस. पेत्र सांगतो त्याप्रमाणे सौम्यतेने आणि आदराने उत्तर दे. कोणी प्रार्थना करायला सांगितली तर तिथेच, हळू आवाजात, थोडक्यात कर. कोणी काहीच विचारले नाही, तर पुढच्या आठवड्याचा डबा तितकाच भरलेला असला पाहिजे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात देवाचा दरबार मांडला, त्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले दोघेही ख्रिस्ताचे अनुयायी म्हणून एकत्र बसावेत अशी त्यांची इच्छा होती. त्यांच्या सगळ्याच मतांशी मंडळी सहमत नव्हती, परंतु माणसाला आपल्याकडे ओढण्याची घाई त्यांना नव्हती, एवढे तरी आपण त्यांच्याकडून घ्यावे.

पैशांचा हिशेब दोघांनी मिळून वहीत लिहावा, एकट्याने कधीही नाही. आणि एका वेळी एकच काम धर. तुझ्या आईचे गुडघे दुखतात, तिचे दळण आणणे आणि पाणी भरणे तुझ्याकडे आहे. ते दुसऱ्यावर ढकलून दवाखान्यात सेवेला येऊ नकोस.

या शनिवारी पावणेनऊला मिरज स्थानकाच्या बाहेर भेट. परवानगीसाठी व्यवस्थापकांची वेळ मी घेतली आहे. शिधापत्रिकेतील दुरुस्तीचे कोरे अर्ज आणि दोन पेने आण, आणि तरुण संघातला तो कागवाडचा मुलगा मोकळा असेल तर त्यालाही घेऊन ये. त्याचे कन्नड आपल्याला पहिल्याच दिवशी लागेल.

तुझी,
मावशी